जुन्यावर नवं ओतू नका : वर्षाची साठवण उपसायची कशी

लातूर-परभणीकडच्या घरात स्वयंपाकघर म्हणजे नुसता ओटा आणि गॅस नसतो. त्याला लागून एखादी खोली, निदान एक अंधारा कोपरा तरी असतोच. तिथं ज्वारीची कोठी, गव्हाचं पिंप, डाळींचे डबे, कुरडया-पापडाच्या पत्र्याच्या पेट्या, आणि माळ्यावर काय आहे ते कुणालाच आठवत नाही. संभाजीनगर-नांदेडला फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्यांचंही तेच, फक्त कोठी बाल्कनीत किंवा पलंगाखाली गेलेली. हा सगळा कारभार ज्यांच्या हातात नुकताच आलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. म्हणजे नवी सून, आईच्या पश्चात घर सांभाळणारा मुलगा, आणि नोकरीच्या गावी खोली करून राहणारी पण धान्याचं पोतं गावाकडून येणारी मुलं-मुली.

एकसारख्या काचेच्या बरण्या ओळीत लावलेल्या स्वयंपाकघरांचे व्हिडिओ बघून कामाला लागू नका. त्या घरांत महिन्याचं सामान असतं, आपल्याकडं वर्षाचं. बरण्या विकत घेणं हे या कामातलं शेवटचं पाऊल, आणि बहुतेक घरांत तेही लागत नाही. जुने स्टीलचे डबे झाकणं नीट बसत असतील तर उत्तम.

दिवस कोणता धरायचा

तूर पौष-माघात घरात येते, हरभरा आणि ज्वारी माघ-फाल्गुनात, गहू त्याच्या मागोमाग. विकत घेणारी घरंही मार्च ते मे याच काळात वर्षाचं भरतात. म्हणजे होळी ते पाडवा या दिवसांत जुनी साठवण तळाला गेलेली असते आणि नवी अजून पोत्यात असते. उपसायची वेळ हीच. धान्यातली कीड बहुतेक वेळा बाहेरून उडून येत नाही. मागच्या वर्षीचं जे चिपटं-मापटं कोठीच्या तळाला राहिलेलं असतं त्यातून, कोठीच्या सांध्यांतून आणि जुन्या बारदानातून ती नव्या धान्यात शिरते. तळाशी दोन किलो जुने गहू ठेवून त्यावर नवं पोतं रिकामं केलं की वर्षभराची झोप गेली म्हणून समजा.

दुसरी, हलकी फेरी भाद्रपद उतरताना. घटस्थापनेच्या आधी घर काढतोच आपण, त्यात रोजचे डबे, मसाले आणि वाळवण बघून घ्यायचं. सप्टेंबरात आपल्याकडं पाऊस चांगला असतो, हवा दमट असते, आणि किडीला अन् बुरशीला तेवढंच हवं असतं.

आता पाण्याचं. आपल्याकडच्या कितीतरी शहरांत नळ रोज येत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते विसरलेला माणूस इथं सापडणार नाही. त्यामुळं चैत्रात सगळे डबे एकदम धुवायला काढू नका. काम दोन दिवसांत विभागा. पहिला दिवस कोरडा : उपसणं, चाळणं, निवडणं, झटकणं. दुसरा दिवस नळाचा, आणि तेव्हा फक्त चिकट झालेली भांडी धुवायची. म्हणजे तेलाचे डबे, गुळाचं भांडं, लोणच्याच्या बरण्या, फोडणीचा डबा. धान्याच्या कोठीला पाणी लावायचंच नसतं, त्यामुळं टंचाईत काही अडत नाही.

पहाटे लवकर सुरू करा. ऊन चढल्यावर बंद खोलीत धुळीत बसणं नको वाटतं आणि मग माणूस घाईनं सगळंच फेकतो, नाहीतर सगळंच परत ठेवतो.

सगळ्यात आधी विष बाहेर

एकही डबा उघडायच्या आधी खोलीभर नजर फिरवा आणि जे खायचं नाही ते बाहेर काढा. शेतकरी घरात हे पाऊल अजिबात चुकवायचं नाही. पेरून उरलेलं सोयाबीन, तूर, कपाशीचं बियाणं पुष्कळदा धान्याशेजारीच ठेवलेलं असतं. लाल, गुलाबी, निळा, हिरवा असा रंग दिसला की त्याला औषध चोळलेलं आहे. ते धुवून, वाळवून, भाजून, कसंही खाण्याजोगं होत नाही. जनावरालाही घालायचं नाही. फवारणीच्या बाटल्या, उंदराचं औषध, मुंग्यांची पावडर हे सगळं दुसऱ्या खोलीत, कुलपात. औषधाच्या रिकाम्या डब्यात मीठ किंवा डाळ भरलेली दिसली तर आतल्या मालासकट टाका, तिथं काटकसर नको.

धान्यात टाकायच्या गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतल्या ओलाव्यानं विरघळतात आणि फॉस्फीन वायू सोडतात. या वायूवर उतारा नाही. गोदामात प्रशिक्षित माणसानं वापरायची ती वस्तू आहे, घरात वापरायला तिला परवानगीही नाही. ज्या खोलीत माणसं झोपतात तिथल्या कोठीत ही गोळी टाकल्यानं माणसं दगावली आहेत. घरात सापडल्या तर डबी उघडू नका, मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा आणि गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारून त्याची वाट लावा. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत, पारा शेवटी विषच.

विचारल्याशिवाय फेकायचं नाही

हे पाऊल कुठल्याच यादीत नसतं, पण अडतं सगळं इथंच. साठवण ज्यांनी भरली त्यांना शेजारी बसवा. सासूबाई असोत की आई, खुर्ची टाकून द्या, चहा द्या आणि एकेक वस्तू हातात घेऊन विचारा. "आत्याबाई, ह्या चवळ्या कवाच्या हायत?" असं विचारलं की डब्याचा इतिहास कळतो. मागच्या दिवाळीच्या की त्याच्याही मागच्या, कुणाच्या शेतातल्या, कशासाठी राखलेल्या. न विचारता बाहेर नेलं की "काय करायलीस गं?" हा प्रश्न येतो आणि काम तिथंच थांबतं. आपल्याकडं दुष्काळ बघितलेली माणसं आहेत. मूठभर हुलगे टाकवत नाहीत त्यांना, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांना टाकायचं की नाही असं विचारू नका, कधी शिजवायचं ते विचारा. तारीख ठरली की डबा रिकामा होतो.

ओटीच्या गहू-तांदळाची पिशवी प्रत्येक घरात असते. लग्नाकार्यातून आलेलं, सुपारी-हळकुंडासकट एकात एक झालेलं. कीड पहिल्यांदा इथंच वाढते, कारण ही पिशवी कुणी उघडत नाही. सुपाऱ्या-हळकुंडं वेगळी काढा, कुंकवाचे लाल दाणे निवडून टाका, उरलेलं चाळून दळणात घाला. ओटीचे नारळ हलवून बघा. पाण्याचा आवाज येत नसेल तर फोडा : खोबरं सुटलेलं आणि गोड असेल तर काळ्या मसाल्याला, खवट असेल तर टाकायला.

एकेक डबा

अंगणात किंवा गच्चीत जुनी साडी अंथरा. चाळणी, सूप, कोरडी फडकी, हातझाडू, जुना दात घासायचा ब्रश, कागदाची चिकटपट्टी आणि मार्कर जवळ असू द्या. सगळी खोली एकदम रिकामी करू नका. एक फडताळ घ्या, ते संपवा, मग दुसरं.

कडधान्यं आधी बघा, तिथं कीड सर्वांत लवकर लागते. मूग, चवळी, हरभरा, अख्खी तूर तळहातावर घेऊन उजेडात धरा. दाण्यावर पांढरे बारीक ठिपके दिसले तर ती भुंग्याची अंडी. गोल भोक दिसलं तर भुंगा आतून बाहेर पडून गेलाय. उन्हाळ्यात अंड्यापासून भुंगा व्हायला तीन-चार आठवडे पुरतात, म्हणून आज चार भोकं दिसलेला डबा महिन्यानं पिठाचा होतो. थोडे ठिपके असतील तर कडक उन्हात पातळ पसरा. खाली काळं प्लॅस्टिक आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिक घालून कडा दगडांनी दाबल्या तर चैत्र-वैशाखाच्या दुपारी आत इतकं तापतं की दाण्याच्या पोटातली अळीही मरते. पेरायचं बी मात्र असं तापवायचं नाही. निम्म्याहून जास्त दाणे भोकाचे असतील तर कोंबड्यांना टाका. एक गोष्ट ध्यानात ठेवा : अख्ख्या कडधान्यापेक्षा डाळीला भुंगा कमी लागतो. घरची तूर भरपूर असेल तर वर्षभर अख्खी ठेवण्यापेक्षा उन्हाळ्यातच भरडून डाळ करून घेणं बरं.

तांदूळ-गहू-ज्वारीतल्या सोंड्याचं वेगळं. तो अंडी दाण्याच्या आत घालतो, वरून काहीच दिसत नाही. उन्हात पसरल्यावर चालते किडे पळतात आणि आपल्याला वाटतं, झालं. आतल्या अळ्या तशाच असतात. म्हणून सोंडे निघालेलं धान्य उन्हं देऊन, चाळून वेगळं ठेवा आणि सगळ्यांत आधी ते संपवा. नव्या धान्याच्या जवळही नेऊ नका.

रेशनच्या तांदळात गेल्या काही वर्षांत थोडे वेगळे दिसणारे, कधी पाण्यावर तरंगणारे दाणे सापडतात. प्लॅस्टिकचा तांदूळ म्हणून पुष्कळ घरांत ते निवडून टाकतात. ते टाकू नका. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व घालून दाण्याच्या आकारात काढलेले ते असतात, शंभर भाग तांदळात साधारण एक भाग.

जुनी ज्वारी वाईट नसते, पण तिच्या पिठाला विरी राहत नाही. भाकरी थापताना कडा फुटतात. उकळत्या पाण्यात पीठ भिजवलं तर जमतं, नाहीतर धपाट्यांना वापरा. ज्वारीचं दळून ठेवलेलं पीठ पंधरा दिवसांत कडवट व्हायला लागतं, आणि बाजरीचं त्याच्याही आधी, कारण बाजरीत तेल जास्त. चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. कडू लागलं तर भाजून-शिजवून तो कडूपणा जात नाही. इथून पुढं दळण आठवड्याचंच काढा. गिरणी जवळ असताना पीठ साठवायचं कारणच काय?

शेंगदाण्याकडं जरा जास्त लक्ष द्या. आपल्या स्वयंपाकात कूट नसेल असा दिवस नाही, आणि नेमकं यातच सगळ्यात घातक बुरशी वाढते. हिरवट-काळी पूड धरलेले, सुरकुतलेले, आतून काळे पडलेले दाणे बाजूला काढून टाका. या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला मारतं आणि भाजल्यानं किंवा शिजवल्यानं पुरतं जात नाही. असले दाणे म्हशीलाही घालू नका, ते विष दुधात उतरतं. कीड लागलेलं कोंबडीला चालेल, बुरशी लागलेलं कुणालाच चालत नाही. नुसते खवट झालेले दाणे विषारी नसतात, पण चटणीची चव घालवतात. शेंगा न फोडता ठेवल्या तर जास्त टिकतात. कारळं, जवस, तीळ यांचं थोडं-थोडं उरलेलं असेल तर भाजून चटणी करून संपवा. वैशाखातल्या उन्हात ही गळिताची धान्यं लवकर खवटतात.

मसाल्याची तपासणी नाकानं होते. काळं तिखट, येसर, धनेपूड चिमटीत चोळून वास घ्या. वास नसेल तर नुसता रंग उरलाय. गाठी झाल्या असतील तर ओल लागलीय. जाळी दिसली तर मोह सोडा. चांगलं निघालेलं तिखट बरणीत दाबून भरा आणि हिंगाचा खडा घाला. वर्षाची बरणी रोज उघडायची नाही, आठवड्याचं फोडणीच्या डब्यात काढून घ्यायचं.

वाळवणातली एक कुरडई, एक पापड, एक खारोडी तळून बघा. फुलली आणि खवट लागली नाही तर मागच्या वर्षीची असली तरी चालते. चुरा झालेल्या कुरडयांची भाजी होते. लोणच्यावर पांढरा-हिरवा तवंग दिसला तर वरचं काढून खालचं खाण्याची सवय मोडा, पूर्ण बरणी गेली. तेलाचा थर फोडींच्या वर असलेलं लोणचं मात्र दोन वर्षांचंही झकास लागतं. मीठ, साखर यांना तारखेची भीती नाही. पाणी सुटलेला गूळ पुरणाला किंवा काढ्याला वापरून टाका.

पाकिटांवर दोन तऱ्हेच्या तारखा असतात. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्यानंतर चव-कुरकुरीतपणा कमी होईल, तेव्हा वास-रंग बघून ठरवा. 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' असेल तर त्या तारखेनंतर विचार न करता टाका. सणाला आलेल्या शिध्यातला रवा, लहान मुलांचं जुनं खाद्य, पाहुण्यांनी आणलेली प्यायच्या सूपची पाकिटं हे सगळं माळ्याच्या मागच्या रांगेत सापडेल. रवा-बेसनाचं बंद पाकीट चांगलं असेल तर चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरलं तर अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट घरातल्या हवेइतकं होईपर्यंत उघडायचं नाही, नाहीतर आत दव धरतं. वीज दिवसदिवस जात असेल तर या उपायावर विसंबू नका.

मूठ-मूठ उरलेली कडधान्यं एकत्र भिजवून उसळ करा. मूठ-मूठ धान्यं भाजून थालीपिठाची भाजणी दळून आणा. जुनी तूरडाळ शिजायला वेळ घेते, रात्रभर भिजवा. देण्याजोगं उरलं तर देऊन टाका, पण आपण खाणार नाही ते घरकामाच्या मावशींच्या हातात ठेवायचं नाही.

कोठी आणि खोली

कोठी उलटी करून तळावर थापा मारा. सांध्यांतून, कडीच्या खाचेतून, झाकणाच्या वळणातून ब्रश फिरवा. तिथून निघणारा भुसा बघितल्यावर इतकी वर्षं नव्या धान्याला कीड कुठून लागायची ते समजेल. तो भुसा अंगणात झटकायचा नाही, कागदात बांधून जाळा. मग कोठी झाकण उघडं ठेवून दिवसभर उन्हात. गंजून भोक पडलं असेल तर डाग देऊन घ्या. जुनी बारदानं उकळत्या पाण्यातून काढून कडक वाळवा, किंवा सरळ टाका.

खोलीतल्या भिंतीच्या भेगा, फरशीचे सांधे, फडताळाच्या मागची फट सिमेंट-पुट्टीनं बुजवा. उंदराचं बीळ दिसलं तर काचेचे तुकडे कालवून बुजवा. कोठी परत ठेवताना खाली विटा किंवा लाकडी फळी आणि भिंतीपासून हातभर अंतर. खिडकी असेल तर तिला जाळी.

भरताना

नवं धान्य दोन-तीन चांगली उन्हं दिल्याशिवाय भरू नका. दाणा दाताखाली धरा. कट् आवाज करून तुटला तर वाळलाय, चेपला तर अजून ऊन हवं. उन्हातून उचललेलं धान्य तापलेलं असतानाच कोठीत ओतणं ही नव्या माणसाची हमखास चूक. रात्री कोठीचा पत्रा गार होतो, आत घाम धरतो आणि वरच्या थराला बुरशी येते. संध्याकाळी सावलीत पसरा, गार झालं की भरा. कोठी काठोकाठ भरा, मधे हवा जितकी कमी तितकी कीड कमी. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवून. ओला पाला घातला तर फायद्याऐवजी ओल जाते. पाल्यानं कीड मरत नाही, पण ती यायला बिचकते. अख्ख्या कडधान्याला आणि डाळीला एरंडेल चोळायची जुनी पद्धत खरंच चांगली आहे, किलोला एक छोटा चमचा पुरे. तेलाच्या थरामुळं भुंग्याची अंडी जगत नाहीत. वापरताना धुवून घ्यायचं.

प्रत्येक डब्याला चिकटपट्टी लावा. त्यावर काय आहे, कुठून आलं आणि भरल्याचा महिना लिहा. आजीला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरांत, आणि महिना ज्या नावानं घरात बोलतात त्याच नावानं. मोठ्या कोठीतून आठवड्याचं छोट्या डब्यात काढा आणि कोठी पुन्हा घट्ट बंद करा.

मग पंधरा दिवसांतून एकदा कोठीत कोपरापर्यंत हात घाला. धान्य गार लागायला हवं. मधेच कुठं ऊब लागली तर वरून कितीही स्वच्छ दिसत असलं तरी खाली कीड वाढतेय किंवा ओल धरलीय. रविवारची वाट बघू नका, त्याच दिवशी साडी अंथरा आणि तेवढी एक कोठी उपसा.